घराच्या आतील रंगकाम: भिंतीच्या तपासणीपासून शेवटच्या हातापर्यंत

ठाण्यातील आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीला एका ऑगस्टमध्ये, गणपतीपूर्वी घर नीटनेटके दिसावे म्हणून, चांगल्या प्रतीचा इमल्शन (पाण्यात मिसळणारा) रंग दिला होता. डिसेंबर लागेपर्यंत त्या भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले आणि नखाने उचलताच रंगाचे पापुद्रे खालच्या पुट्टीसह (भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपासह) हातात येऊ लागले. रंगात खोट नव्हती आणि रंगाऱ्याचा हातही सफाईदार होता, परंतु भिंत आतून ओली होती आणि रंग देण्यापूर्वी ती कोणी तपासलीच नव्हती. तेव्हापासून घरातील आणि नातेवाइकांकडील प्रत्येक रंगकामात मी भिंतीची तयारी हेच मुख्य काम मानत आलो आहे. म्हणूनच या लेखात शेड निवडण्याविषयी थोडे आणि भिंतीविषयी पुष्कळ लिहिले आहे.

काम कधी काढावे

आपल्याकडे रंगकाम सणाला बांधलेले असते. कोकणात गणपतीआधी आणि देशावर दसरा-दिवाळीच्या तोंडावर घर रंगवण्याची रीत चुन्याच्या काळातील आहे. चुन्याच्या थरातून भिंतीतील दमटपणा बाहेर पडू शकतो, त्यामुळे किंचित ओल्या भिंतीवरही चुना तग धरत असे. इमल्शन रंगाचा मात्र भिंतीवर एक सलग पडदा तयार होतो. मागून ओलीचा दाब आला की हा पडदा फुगतो आणि सुटतो. रंगाचा प्रकार बदलला, पण कामाचा मुहूर्त तोच राहिला, ही मोठी अडचण आहे. जून ते सप्टेंबर या काळात मुंबई, ठाणे आणि किनारपट्टीवर हवेतील आर्द्रता अनेक दिवस 85 टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत पुट्टी आणि रंग दोन्ही सावकाश वाळतात आणि दोन हातांमध्ये पुरेसे अंतर पाळूनही खालचा थर दमटच राहतो. शक्य असल्यास आतील रंगकाम नोव्हेंबर ते मे या काळात काढावे. दिवाळीपूर्वीच उरकायचे असेल, तर पाऊस थांबल्यानंतर भिंतींना निदान दोन-तीन आठवडे सुकू द्यावे. त्या दिवसांत रंगारी मिळणे कठीण असते आणि मिळालेले एकाच वेळी तीन-चार घरे सांभाळत असतात, हेही लक्षात ठेवावे.

नवीन बांधकाम असल्यास सिमेंटच्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्यावेतच. प्रत्यक्षात दोन-तीन महिने दिले तर अधिक बरे, कारण ताज्या गिलाव्यातील क्षार आणि पाणी दोन्ही रंगाला मारक असतात.

भिंतीची तपासणी

रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी अर्धा दिवस काढून प्रत्येक भिंत स्वतः तपासावी. यासाठी विजेरी, चिकटपट्टी, एक किल्ली आणि जाड प्लास्टिकचा तुकडा एवढेच साहित्य लागते.

प्रथम भिंतीवरून तळहात जोरात फिरवावा. हाताला पूड लागली, तर खाली चुना किंवा जुने डिस्टेंपर आहे आणि त्याची पकड संपली आहे असे समजावे. त्यानंतर ठिकठिकाणी चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. पट्टीसोबत रंगाचे कपचे निघाले, तर त्या भागातील जुना थर पूर्ण खरवडावा लागेल, कारण नवा रंग कितीही महाग असला तरी तो जुन्या थरालाच चिकटतो आणि जुना थर सुटला की त्याच्याबरोबर नवाही खाली येतो. मग किल्लीच्या पाठीने भिंत ठोकत जावे. जिथे पोकळ, बद्द आवाज येतो तिथे गिलाव्याने विटेची पकड सोडलेली असते. एवढा भाग फोडून नव्याने गिलावा केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आहे की जिप्समचा, हेही याच वेळी पाहून घ्यावे. अलीकडच्या अनेक इमारतींत आतल्या भिंती जिप्समच्या असतात. एखाद्या कोपऱ्यात किल्लीने खरवडल्यावर करडी, वाळूदार भुकटी आली तर सिमेंट आणि मऊ पांढरी भुकटी खोलवर येत राहिली तर जिप्सम. हा फरक पुढे पुट्टी निवडताना महत्त्वाचा ठरतो.

ओल: आधी कारण, मग रंग

ओलीचा डाग दिसला की तो कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि कोणत्या ऋतूत वाढतो, यावरून तिचे मूळ बहुधा सापडते. फक्त पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर डाग पडत असेल, तर बाहेरच्या गिलाव्यातील भेग किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीची फट तपासावी. बाराही महिने न्हाणीघरालगतच्या भिंतीत ओल असेल, तर फरशांचे सांधे, नहाणी ट्रॅप (सांडपाणी जाण्याच्या जाळीखालचे भांडे) किंवा आतली पाइपलाइन यांपैकी काहीतरी गळत असते. छताला डाग असल्यास वरची गच्ची किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर पाहावे. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत भिंत खालून वर भिजत असेल, तर जोत्यातून ओल चढते आहे.

डाग दिसत नसला, पण शंका असेल, तर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून 24 तास भिंतीवर ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला पाण्याचे थेंब आढळले, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडील बाजूला थेंब असतील, तर तो खोलीतील हवेचा दमटपणा आहे आणि त्याला वायुवीजन हाच उपाय आहे.

आतून वॉटरप्रूफिंगचा एखादा हात मारून घ्यावा आणि वर रंग द्यावा, असा सल्ला वारंवार मिळतो. पाण्याची वाट उघडी असताना आतला थर त्याला अडवत नाही. पाणी शेजारच्या, थर न दिलेल्या भागातून बाहेर येते. बाहेरची भेग, गच्चीचा उतार किंवा न्हाणीघराचे सांधे आधी दुरुस्त करावेत, मग भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि प्लास्टिकची चाचणी पुन्हा करावी. सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती आपल्या एकट्याच्या हातात नसते, म्हणून कार्यकारिणीला लेखी अर्ज पावसाळ्यापूर्वीच द्यावा आणि आतले काम त्यानंतरच काढावे.

भिंतीवर पांढरा, मिठासारखा खार फुटला असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा. पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो. बुरशीचे काळे ठिपके असतील, तर घरगुती ब्लीचच्या एका भागात तीन भाग पाणी मिसळून ते लावावे, पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसावे आणि भिंत वाळू द्यावी. हे करताना हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ब्लीचमध्ये अॅसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

मोजमाप आणि करार

रंगाचे क्षेत्रफळ स्वतः मोजलेले असावे. उदाहरणार्थ, 12 फूट बाय 10 फुटांच्या आणि साडेनऊ फूट उंचीच्या खोलीचा घेर 44 फूट होतो, म्हणजे भिंतींचे क्षेत्रफळ 418 चौरस फूट. त्यातून एक दार (21 चौरस फूट) आणि एक खिडकी (16 चौरस फूट) वजा केल्यावर 381 उरतात; छत 120. चांगल्या तयार भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण 120 ते 140 चौरस फूट पुरते, तेव्हा या भिंतींना तीन लिटरच्या आसपास रंग लागेल आणि चार लिटरचा डबा घेतल्यास टच-अपसाठी थोडा उरेल. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन थरांत किलोला 10 ते 12 चौरस फूट जाते, म्हणून भिंती आणि छत मिळून 40 ते 50 किलो धरावी. जुनी पुट्टी शाबूत असेल, तर याच्या पाव हिस्साही लागणार नाही. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा यापेक्षा फार वेगळा असेल, तर कारण विचारावे. पुष्कळदा ते खरेच असते, जसे की भिंत फार उंचसखल असणे.

काम फक्त मजुरीवर द्यावे की साहित्यासह, याचे एकच उत्तर नाही. घरी देखरेखीला कोणी असेल, तर साहित्य आपण आणून मजुरीवर काम देणे मला अधिक योग्य वाटते, कारण मग प्रायमर (रंगाखाली दिला जाणारा थर) वाचवण्यात कोणाचाच फायदा राहत नाही. काम साहित्यासह दिले, तर प्रत्येक वस्तूचे नाव, प्रत आणि थरांची संख्या कागदावर लिहून घ्यावी: किती हात पुट्टी, किती हात प्रायमर, किती हात रंग, दारे-खिडक्या धरल्या आहेत की नाहीत, साफसफाई कोण करणार. डबे सीलबंद यावेत आणि आपल्यासमोर उघडले जावेत. पैसे दिवसांवर न देता टप्प्यांवर द्यावेत. खरवडून पुट्टी झाल्यावर एक हप्ता, प्रायमरनंतर दुसरा, रंग पूर्ण झाल्यावर तिसरा आणि टच-अप होईपर्यंत सुमारे एक दशांश रक्कम राखून ठेवावी. रंगाऱ्यालाही हे आधी सांगितलेले असले म्हणजे मनात किंतू राहत नाही, आणि ठरलेला हप्ता ठरल्या दिवशी हातात देणे हे आपले कर्तव्य आहे.

खोलीची तयारी

सामान शक्यतो दुसऱ्या खोलीत हलवावे. न हलणारे मध्यभागी आणून प्लास्टिकने पूर्ण झाकावे. पंखा कागदात गुंडाळावा. फरशीवर प्लास्टिक आणि त्यावर जुन्या चादरी किंवा पोती पसरावीत. नुसते वर्तमानपत्र पायाखाली फाटते आणि ओला रंग फरशीच्या सांध्यांत जातो. त्या खोलीचा एमसीबी (वीजपेटीतील स्विच) बंद करून स्विचबोर्डाच्या पट्ट्या सैल कराव्यात, म्हणजे रंग पट्टीच्या मागेपर्यंत जातो आणि कडा स्वच्छ राहतात. ओल्या पुट्टीचा हात चालू बोर्डाजवळ फिरणे धोक्याचे असते, म्हणून ही सूचना मी दर वेळी स्वतः उभे राहून पाळायला लावतो. खिडकीच्या चौकटी आणि फरशीलगतच्या पट्टीला मास्किंग टेप लावावी.

खरवडणे आणि भेगा

सुटलेला रंग पत्र्याने खरवडावा आणि त्यानंतर भिंत 80 किंवा 100 नंबरच्या घासकागदाने घासावी. चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा थर असल्यास तो मुळापासून काढावा लागतो. पाण्याने भिजवून खरवडल्यास काम सोपे होते आणि धूळही कमी उडते, पण भिंत जिप्समची असेल तर तिच्यावर पाणी वापरू नये. स्वयंपाकघराच्या भिंतींवर फोडणीचा तेलकट थर असतो. त्या आधी साबणाच्या पाण्याने पुसून, स्वच्छ पाण्याने धुवून वाळवल्याशिवाय त्यांवर काहीही टिकत नाही.

जुन्या घरांतील दारे, खिडक्या आणि ऑईलपेंट दिलेल्या भिंती घासताना विशेष काळजी घ्यावी. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षास 90 भागांवर आणणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑईलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा, कारागिरांनी एन-95 मास्क लावावा आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या दिवसांत घरात ठेवू नये.

केसासारखी बारीक भेग नुसती पुट्टीने झाकली, तर काही महिन्यांत ती पुन्हा दिसते. पत्र्याच्या टोकाने ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडावी, धूळ झाडावी आणि भेगा भरण्याच्या ॲक्रिलिक फिलरने भरावी. विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम किंवा कॉलम यांच्या सांध्यावरील सरळ भेग वेगळी असते. उष्णतेने दोन्ही भाग कमी-अधिक प्रसरण पावतात आणि सांधा हलत राहतो, म्हणून तिथे भेग भरून वर फायबर जाळीची पट्टी बसवावी.

पुट्टी

जुने कारागीर जिला लांबी म्हणतात त्या पुट्टीवरच रंगाची सफाई ठरते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पावडर स्वरूपात येते, कठीण होते आणि किंचित दमटपणाही सहन करते; सिमेंटच्या गिलाव्याला ती योग्य. ॲक्रिलिक पुट्टी तयार मिश्रणात येते, मऊ असते आणि घासायला सोपी असते. जिप्समच्या भिंतीला आधी प्रायमर देऊन हीच वापरावी.

सिमेंट पुट्टी कालवताना पाणी वजनाच्या साधारण 35 ते 40 टक्के घ्यावे, गाठी मोडेपर्यंत ढवळावे, दहा मिनिटे मुरू द्यावे आणि पुन्हा ढवळावे. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवावी. घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत वरून पाणी घालून ती वापरणे हा सर्रास घडणारा प्रकार आहे आणि पुढे पुट्टी भुकटीसारखी सुटण्याचे ते एक मोठे कारण ठरते. लावण्यापूर्वी सिमेंटची भिंत किंचित ओली करावी, म्हणजे ती पुट्टीतील पाणी शोषून घेत नाही. पहिला थर पत्र्याने खालून वर ओढून खड्डे भरावेत आणि दुसरा थर दुसऱ्या दिवशी पातळ ओढावा. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नये. खोल खड्डे पुट्टीने न भरता आधी सिमेंट-वाळूने भरावेत.

वाळल्यानंतर 180 नंबरच्या आणि मग 220 किंवा त्याहून बारीक कागदाने घासावे. सिमेंट पुट्टी दिवसेंदिवस कठीण होत जाते, म्हणून घासणे लांबवू नये. यानंतरची तपासणी घरमालकाने स्वतः करावी: संध्याकाळी दिवे मालवून विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरावी. प्रत्येक उंचवटा, पत्र्याची प्रत्येक रेघ सावलीमुळे उठून दिसते. त्या जागांवर पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या सकाळी रंगाऱ्याला दाखवावी. याच टप्प्यावर दुरुस्ती स्वस्त पडते. रंग चढल्यावर दिसलेला खड्डा बुजवायचा झाल्यास पुट्टी, प्रायमर आणि रंग असे तिन्ही पुन्हा करावे लागतात.

प्रायमर

पुट्टी झाडून, पुसून धूळ काढल्यावर वॉटर बेस्ड प्रायमरचा एक हात द्यावा. पुट्टी प्रत्येक जागी सारखी शोषत नाही. प्रायमर नसेल, तर रंग कुठे चमकतो आणि कुठे फिका पडतो. प्रायमरमध्ये डब्यावर सांगितल्यापेक्षा अधिक पाणी घातले जाते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. खुणा केलेली बादली आणि मोजपात्र देऊन प्रमाण आपल्यासमोर ठरवावे. प्रायमर वाळल्यावर विजेरी पुन्हा फिरवावी, राहिलेले खड्डे भरावेत, तेवढ्या जागी प्रायमरचा ठिगळहात द्यावा आणि 320 नंबरच्या कागदाने हलके घासावे.

रंगाचे हात

शेडकार्डावरील चौकोनावरून निर्णय घेऊ नये. लहान डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन फूट लांब-रुंद पट्टा रंगवावा आणि तो वाळल्यावर सकाळच्या उजेडात व रात्रीच्या दिव्यात पाहावा. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होते. चकाकीचा विचार मात्र शेडपेक्षा महत्त्वाचा आहे. चकाकी जितकी अधिक, तितके धुणे सोपे आणि भिंतीतील दोष तितके ठळक. छताला आणि उंचसखल भिंतींना मॅट, आणि जिथे मुलांचे हात लागतात त्या पॅसेजला व स्वयंपाकघराला मंद चकाकीचा धुता येणारा रंग, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

क्रम छत, मग भिंती आणि शेवटी दारे-खिडक्या असा ठेवावा, म्हणजे वरून उडालेले शिंतोडे खालच्या हाताखाली झाकले जातात. एकाच खोलीसाठी दोन-तीन डबे असतील, तर ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत, कारण दुकानातील मशीनवर तयार झालेल्या दोन डब्यांच्या छटेत सूक्ष्म फरक राहू शकतो. रंग गाळून घ्यावा. प्रथम दोन-तीन इंची ब्रशने कोपरे, छताची कड आणि बोर्डांच्या कडा काढाव्यात; याला रंगारी कटिंग म्हणतात. कटिंग वाळण्यापूर्वी त्या भिंतीवर रोलर फिरला पाहिजे, अन्यथा कडेला चौकट दिसते. एक भिंत एका दमात पूर्ण करावी. अर्ध्या भिंतीवर जेवणाची सुट्टी झाली, तर वाळलेल्या कडेवर नवा रंग चढून पट्टा उमटतो आणि तो पुढच्या हातानेही जात नाही. रंगवताना पंखा बंद ठेवावा, खिडक्या उघड्या असू द्याव्यात.

दोन हातांमध्ये चार ते सहा तास, दमट हवेत त्याहून अधिक अंतर ठेवावे. गडद लाल आणि पिवळ्या छटांना बहुधा तिसरा हात लागतो, तेव्हा तो दर ठरवतानाच धरावा. ओलीची दुरुस्ती वगळून एका खोलीला अशा रीतीने 6 ते 7 दिवस लागतात. तीन दिवसांत खोली देण्याचे आश्वासन मिळाले, तर कोणता टप्पा गाळला जाणार आहे ते विचारावे.

दारांना आणि ग्रीलला इनॅमल देताना जुना थर घासून, लाकडाला लाकडाचा प्रायमर आणि लोखंडाला गंज पूर्ण काढून रेड ऑक्साईड किंवा झिंकचा प्रायमर द्यावा. इनॅमल पातळ करण्यासाठी टर्पेंटाईन वापरत असताना घरात गॅस, निरांजन किंवा उदबत्ती पेटवू नये. बंद घरात वास सोसत नसेल, तर पाण्यात मिसळणारे इनॅमल मिळते. ते लवकर वाळते.

काम ताब्यात घेताना

शेवटची पाहणी दिवसा एकदा आणि दिवे लावून एकदा, रंगाऱ्याला सोबत घेऊनच करावी. दारांमागे, पडद्यांच्या पेलमेटवर, बोर्डांच्या कडांना आणि छताच्या कोपऱ्यांत सुटलेल्या जागा आढळतात. मास्किंग टेप रंग पूर्ण कठीण होण्यापूर्वी, तिरपी ओढून काढावी. भिंत हाताला कोरडी लागली, तरी रंगाचा पडदा पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत ती धुऊ नये आणि तिला फर्निचर टेकवू नये.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान बरणीत भरून त्यावर खोलीचे नाव, शेडचा क्रमांक, बॅच आणि तारीख लिहून ठेवावी. ज्या भिंतीची ओल दुरुस्त केली होती, तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या अखेरीस, पुन्हा एकदा 24 तास लावून पाहावा. भिंतीकडील बाजू कोरडी निघाली, तर दुरुस्ती धरली आहे. थेंब आढळले, तर रंग सुटण्याची वाट न पाहता बाहेरच्या बाजूचे काम पुन्हा पाहायला सुरुवात करावी.